साखळीपलीकडची जागा

१

बोटीवर गाडी चढवताना माणसं काय काय करतात ते बघून गप्प बसणं मला जमत नाही. मी गाडी चालवायला शिकवते, तोच माझा धंदा, आणि तोंडाचा पट्टा हे त्यातलं निम्मं भांडवल. त्या दुपारी माझ्या पुढचा एक जण बोटीच्या फळीवर तिरका शिरला, तेव्हा काचा बंद असूनही मी ओरडले, "अहो, आरसे काय शोभेला लावलेत का?"

मागच्या सीटवरून अण्णा म्हणाले, "बरं."

माझे वडील सगळ्यालाच बरं म्हणायचे. दीड वर्षापूर्वी त्यांना झटका आला, उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. एवढा एक शब्द मागे राहिला. भूक लागली की बरं, दुखलं की बरं, आईच्या फोटोकडे बघून डोळे भरून आले तरी बरं. या माणसाने उभी हयात स्टेशनवर गाड्यांच्या सूचना दिल्या होत्या. त्यांचा आवाज ऐकून लोक ठरवायचे, धावायचं की चहा संपवायचा. मला तो आवाज परत हवा होता. त्यापुढे मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पलीकडच्या शहरात, दादाच्या घराजवळ, गेलेली वाचा पुन्हा शिकवणाऱ्या एक डॉक्टर आहेत. दादाने त्यांच्या हातापाया पडून आजची संध्याकाळची वेळ मिळवली होती. ती चुकली तर पुढची थेट पुढच्या वर्षी, आणि या दुखण्यात जितका उशीर होईल तितकं कमी परत येतं, असं त्या फोनवर स्पष्ट म्हणाल्या होत्या. त्यात अण्णांना थंडी सोसत नाही म्हणून मी वाटभर हीटर लावलेला, त्यामुळे बॅटरी पार तळाला गेली होती. उतरल्यावर चढणीचा लांबलचक रस्ता. आता या बोटीवर सोय असते: खालच्या मजल्यावर गाडी लावायची, प्लग खोचायचा, आपण वर जाऊन बसायचं, किनारा येईपर्यंत गाडी भरते. म्हणून तर मी या बोटीचं तिकीट काढलं होतं.

आणि खाली गेले तर सगळे प्लग गेलेले.

"उशीर केलात, मॅडम," प्लग लावणारा माणूस म्हणाला. मध्यम वयाचा, ढगळ जाकिटातला, तोंडावर कंटाळा.

"तो काय रिकामा आहे की!"

मजल्याच्या अगदी टोकाला पिवळी साखळी आडवी लावली होती आणि तिच्यापलीकडे एका गाडीपुरती जागा होती. खांबावर प्लग नीट अडकवलेला, त्यावरचा हिरवा दिवा चालू. बाकीच्या मजल्यावर टायरचे काळे पट्टे उठले होते, तिथे मात्र रंग अगदी नवाकोरा होता.

"ते काय मला कळलं नाही बुवा," तो मान खाजवत म्हणाला. "मी इथला नाही, बदलीवर आलोय. इथला माणूस जाताना सांगून गेला, तिथे गाडी लावू नको आणि ते बंदही करू नको. आमच्या बोटीवर अशी जागा वाया घालवली तर साहेब कच्चा खाईल आम्हाला."

"मग घालवू नका वाया. वडील आजारी आहेत माझे. लिफ्टही बंद आहे तुमची. या जिन्याने मी त्यांना खांद्यावर टाकून नेऊ का?"

त्याने काचेतून तपकिरी मफलर गुंडाळलेल्या अण्णांकडे पाहिलं. खरं म्हणजे बोट चालू असताना खाली कुणी थांबायचं नसतं, दारं बंद करून घेतात. पण माणूस चांगला होता. "बसू द्या आजोबांना गाडीत," तो म्हणाला. "येता-जाता दाराच्या काचेतून बघीन मी. पण मी काही पाहिलेलं नाही हं, ताई." आणि त्याने साखळी काढली.

मी गाडी आत घेत होते तेव्हा अण्णांनी डाव्या हाताने मागून माझी बाही धरली. "बरं," ते म्हणाले. "बरं, बरं, बरं." इतक्या घाईने ते कधी म्हणत नसत.

"अण्णा, आता नाटकं नकोत," मी म्हटलं आणि बाही सोडवून घेतली.

२

वरच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा होत्या, एका कोपऱ्यात चहाचा काउंटर होता आणि खिडक्यांबाहेर राखाडी पाणी. निम्मी माणसं मोबाइलवर आपापल्या गाडीचा आकडा बघत बसली होती. माझ्या शेजारचे गृहस्थ तर आकडा वाढला की बायकोला कळवत होते. "चाळीस झाले बरं का!" ती बिचारी हातातल्या विणकामावरून मान न उचलता "हो का" म्हणत होती.

मीही ॲप उघडलं. गाडीचं चित्र, खाली प्लगचं चिन्ह, आकडा बावीस. लावताना तेवीस होता असं मला वाटलं होतं. चुकून पाहिलं असेल म्हणून मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि दोन मिनिटांत पुन्हा काढला.

मग अण्णांना फोन लावला. त्यांच्या गळ्यात दोरीच्या पाकिटात मोठ्या बटणांचा फोन असतो. दोनदा वाजला की तो आपोआप सुरू होतो, त्यांना काही दाबावं लागत नाही.

"अण्णा, ऊब आहे ना? शाल पायावर घेतलीये ना?"

"बरं," अण्णा म्हणाले. आवाज खोलातून आला. मागे बोटीची घरघर होती.

"झोपा थोडं. मी आहे वरती."

"बरं."

जिवाला जरा थारा मिळाला. मी चहा आणायला उठले. काउंटरमागच्या मावशी जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या, हसऱ्या. त्यांनी कप भरता भरता विचारलं, "गाडी लावलीत का चार्जिंगला?"

"मिळाली एकदाची जागा. साखळीपलीकडे लावली."

मावशींचा हात थांबला. चहा कपाबाहेर सांडला, तो त्यांनी पुसलाही नाही.

"तिथे आम्ही लावत नाही," त्या म्हणाल्या.

"का? बिघडलेलं आहे का?"

"बिघडलेलं नाही." त्यांनी हॉलकडे एक नजर टाकली. "चालू ठेवतो आणि रिकामं ठेवतो. मी या बोटीवर आले तेव्हापासून असंच आहे. कुणी लावून दिलं तुम्हाला?"

"तुमचाच माणूस. बदलीवर आलेला."

"गाडी रिकामी आहे ना पण?" मावशींनी विचारलं.

मी खोटं बोलले. खाली माणूस ठेवलाय म्हटलं असतं तर त्या गरीब माणसाची नोकरी गेली असती. "रिकामीच," मी म्हटलं आणि कप उचलून जागेवर आले. चहाची चव काही लागली नाही.

३

आकडा एकोणीस झाला होता.

मी स्वतःला समजावलं. हीटर चालू आहे. गाडी वीज घेतेय त्यापेक्षा जास्त जाळतेय, बस. मग माझ्यातली मास्तरीण म्हणाली, की हीटर इतका खात नाही, खात असता तर घरापासून बोटीपर्यंत आपण पोचलोच नसतो. ॲप बिघडलं असेल. पाण्यावर नेटवर्क धड नसतं. पण नेटवर्क नसेल तर आकडा जागच्या जागी थांबायला हवा, खाली कसा येतोय?

"सत्तावन्न!" शेजारच्या गृहस्थांनी जाहीर केलं.

"तुमचा कधी खाली येतो का हो?" मी विचारलं.

"खाली?" ते हसले. "ताई, चार्जिंग लावलंय की गाडी उपाशी ठेवायला आणलीये?"

सतरा. हे मी डोळ्यांनी पाहिलं, अठराचे सतरा होताना. प्लगचं चिन्ह जसंच्या तसं होतं, त्याच्या बाजूला विजेची ती लहानशी रेघ हलत होती. रेघ नेहमी प्लगकडून गाडीकडे सरकते. मी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चष्मा पुसला. रेघ गाडीकडून प्लगकडे जात होती.

माणूस घाबरला की कशातही काहीही दिसतं, असं मी माझ्या शिकाऊ मुलींना नेहमी सांगते. समोरून ट्रक आला की त्यांना तो अंगावरच येताना दिसतो. तसंच आहे हे, मी म्हटलं. आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. पडद्यावर अण्णांचा फोटो होता.

दीड वर्षात अण्णांनी आपण होऊन कुणाला फोन लावलेला नव्हता. बोटं आकड्यावर ठरत नसत. पाकिटातला फोन चुकून दाबला गेला असणार, असं वाटून मी तो घेतला.

"मिरचे," अण्णा म्हणाले. "चहा कसा आहे गं वरचा?"

४

मिरची हे माझं घरातलं नाव. राग नाकावर म्हणून लहानपणी अण्णांनीच ठेवलेलं. आई गेली, आणि अण्णांचं बोलणं गेलं, त्यानंतर त्या नावाने मला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

मी उठून खिडकीशी गेले, काचेला कपाळ टेकवलं. "अण्णा?" एवढंच म्हणाले, आणि रडायला लागले. भर हॉलमध्ये, मोठ्याने.

"रडतेस काय वेडे! ऊब आहे इथे. छान ऊब आहे."

तोच आवाज. पोटातून येणारा, प्रत्येक अक्षर वेगळं ठेवणारा. स्टेशनच्या भोंग्यातून यायचा तसाच, फक्त जवळून. असं होतं म्हणे कधीकधी. मेंदूला अचानक जाग येते, मी कुठेतरी वाचलं होतं, आणि नसेन वाचलं तरी त्या क्षणी मला ते वाचल्यासारखं आठवत होतं.

"अण्णा, मी येते खाली. आत्ता येते."

"नको," ते म्हणाले. "दारं बंद आहेत. त्या माणसाला उगाच अडचणीत आणू नकोस. तू बस निवांत. दादाकडे कोण कोण आहे गं आता?"

"असं काय विचारता? दादा, वहिनी, छोटी."

"छोटी," ते म्हणाले. "आणि माझी खोली कुठली?"

"मागची. खिडकीवाली. तुम्हाला माहितीये की."

"हो, हो. माहितीये," अण्णा म्हणाले, आणि फोन बंद झाला.

मी डोळे पुसले. हॉलमधले चार जण माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघून येड्यासारखी हसले. दादाला कळवायचं म्हणून मोबाइल वर केला तर ॲप तसंच उघडं होतं. तेरा.

आनंद आणि भीती एकाच वेळी कशी वाटते ते मला तोवर माहीत नव्हतं. मला धावत खाली जायचं होतं आणि माझे पाय खाली जायला नाही म्हणत होते.

५

बदलीवाला मला जिन्याच्या तोंडाशी भेटला. त्याच्या हातात पाटीएवढा एक पडदा होता, त्यावर सगळ्या गाड्यांचे आकडे. तो तोच पडदा थापटत होता.

"मॅडम, तुमच्या गाडीचा काहीतरी घोळ आहे," तो म्हणाला. "बाकी सगळ्या वर चालल्यात आणि तुमची खाली. एवढ्या वर्षांत कधी पाहिलं नाही मी असं."

"दार उघडा. मला वडिलांकडे जायचंय."

"दार बोट लागेपर्यंत उघडत नाही. वरून कुलूप पडतं, माझ्या हातात नाही ते. पण काचेतून बघता येईल."

आम्ही उतरलो. खालच्या दाराला तव्याएवढी गोल काच होती. तिच्यातून गाड्यांची लांब रांग दिसत होती, पांढरे दिवे, जमिनीवर पसरलेल्या जाड केबली. दारातून बोटीची थरथर हाताला जाणवत होती. अगदी टोकाला माझी गाडी. वरची 'शिकाऊ' पाटी मी काढायला विसरले होते.

"दिसले का आजोबा?" त्याने विचारलं.

दिसले नाहीत. काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या. समोरची, बाजूच्या, सगळ्याच, दूध सांडल्यासारख्या. आता गाडीच्या काचांचं मला कुणी सांगायला नको. थंडीत मी दिवसभर कुणा ना कुणा घाबरलेल्या माणसाशेजारी काचा बंद करून बसलेली असते. एका म्हाताऱ्या माणसाच्या श्वासाने, तेही हीटर चालू असताना, काचांवर एवढं धुकं धरूच शकत नाही. एवढ्याला गाडी गच्च भरलेली लागते.

"तुम्ही नंतर कुणाला आत बसवलंत का?" मी विचारलं.

"मी? मी तर तेव्हापासून वरच आहे."

मागून पावलं वाजली. मावशी जिना उतरून आल्या होत्या, ॲप्रन तसाच, धापा टाकत. त्यांनी काचेतून एकदाच पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"आत कोण आहे?" त्यांनी मला विचारलं. आता खोटं बोलण्यात काही अर्थ नव्हता.

"माझे वडील."

मावशी बदलीवाल्याकडे वळल्या. "बंद कर ते. या पडद्यावरून बंद होतं ना? लगेच कर."

"अहो मावशी, तो म्हणाला होता बंद करायचं नाही..."

"रिकामं असताना नाही करायचं! आता रिकामं आहे का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "तुमची गाडी आहे, मॅडम. करू का बंद?"

आणि माझ्या हातातला मोबाइल वाजला.

६

"मिरचे, बंद करू नका म्हणावं," अण्णा म्हणाले. "थोडंच राहिलंय."

"काय थोडं राहिलंय, अण्णा?"

"तुला आठवतं, तू स्टेशनवर यायचीस, माझ्या टेबलाखाली बसायचीस? आई डबा द्यायची तुझ्याजवळ, आणि तू वाटेतच निम्मा संपवायचीस. मी माईकवर सूचना द्यायला लागलो की तू माझे बूट धरून ठेवायचीस. कधी सोडले नाहीस."

बुटांचं हे आमच्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आईलासुद्धा नाही. मी पायरीवर बसले.

"पडदा बघा," मावशी म्हणत होत्या. "ताई, पडदा बघा." बदलीवाल्याने तो माझ्यापुढे धरला होता. पाच. मी बघता बघता चार.

"एकदा म्हणा ना, अण्णा," मी म्हटलं. "ती सूचना. पहिल्या गाडीची."

आणि अण्णांनी ती म्हटली. कृपया इकडे लक्ष द्या, अशी सुरुवात करून, प्रत्येक थांबा, प्रत्येक डबा, न अडखळता. मी डोळे मिटले. दीड वर्ष मी हा आवाज आठवायचा प्रयत्न करत होते आणि तो थोडा थोडा विसरत चालले होते, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. आता तो माझ्या कानाशी होता.

त्या आवाजाच्या मागे काहीतरी होतं.

आधी मला ती बोटीची घरघर वाटली. मग अण्णा श्वास घ्यायला थांबले, आणि ते स्पष्ट ऐकू आलं. फोनपासून लांब, गाडीच्या त्या टोकाला किंवा गाडीबाहेर, कुणीतरी बोलत होतं. हळू, घाईघाईने, एकच शब्द. बरं. बरं, बरं. बरं.

"कोण आहे तिथे?" मी विचारलं.

"कुणी नाही," अण्णा म्हणाले. "ऐक ना. पुढचं ऐक."

"करू का बंद?" बदलीवाल्याचं बोट पडद्यावर टेकायच्या बेतात होतं. तीन. "मॅडम, सांगा काहीतरी!"

मला कळलं होतं. हे मी कितीही फिरवून सांगितलं तरी, त्या वेळी मला कळलं होतं. डोकं शंभर कारणं देत होतं, प्रतिध्वनी असेल, जुना फोन आहे, दोन लाइनी एकात मिसळल्या असतील. पण बाही ओढणारा तो डावा हात माझ्या अंगाला अजून जाणवत होता. एक शब्द बोलायचा होता मला. हो, एवढाच.

अण्णा पुढचे थांबे सांगत होते. किती सुंदर सांगत होते.

"थांबा," मी म्हटलं आणि बदलीवाल्याचा हात धरला. "एक मिनिट थांबा. बोलतायत ते."

मावशींनी तोंडावर पदर घ्यावा तसा ॲप्रन घेतला आणि त्या जिना चढून निघून गेल्या. पडद्यावरचा आकडा दोन झाला, एक झाला. मागचा तो आवाज बारीक होत गेला आणि थांबला.

मग आमच्या दोघांदेखत आकडा पुसला गेला आणि तिथे शंभर आले.

७

बोट लागली. दारं उघडली. मी रांगेतून गाडीपर्यंत गेले तेव्हा काचा स्वच्छ होत्या. अण्णा मागच्या सीटवर ताठ बसले होते आणि माझ्याकडे बघून हसले. गालाची उजवी बाजूही वर गेली. दीड वर्षात ती कधी गेली नव्हती.

"चला," ते म्हणाले. "दादा वाट बघत असेल."

"मफलर कुठे गेला तुमचा?"

"उकडत होतं," अण्णा म्हणाले.

बदलीवाला प्लग काढायला आला. तो अण्णांकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. केबल खांबावर अडकवून त्याने हात पँटला पुसले, दोनदा, आणि तो दुसऱ्या गाडीकडे गेला. मी गाडी मागेपुढे करून साखळीच्या जागेतून बाहेर काढली. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. फळी समोर उघडी होती, पलीकडे किनाऱ्यावर ऊन पडलं होतं.

सवयीने माझी नजर आरशाकडे गेली. ज्या जागेतून मी आत्ता निघाले, तिथे खांबापाशी जमिनीवर कुणीतरी बसलं होतं. एक पाय लांब, सरळ. तपकिरी मफलर. डावा हात वर उचललेला, बाही धरायला उचलावा तसा.

मागच्या गाडीचं तोंड मध्ये आलं. मी आरसा वर सरकवला, इतका वर की त्यात नुसतं छत दिसावं. मुलींना मी हे करताना पाहिलं असतं तर गाडीतून उतरवलं असतं.

"सावकाश," अण्णा मागून म्हणाले. "छान चालवतेस."

८

दादा धक्क्यावरच उभा होता, वहिनी होती, छोटीही होती. मी गाडी बाजूला घेतली. मागचं दार उघडलं आणि अण्णा आपल्या पायांनी उतरले.

"काय रे," ते म्हणाले. "केस पिकले की तुझे!"

दादा माझ्यापेक्षा धिप्पाड माणूस. तो तिथल्या तिथे खाली बसला, रस्त्यावर, आणि लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. वहिनी एकदा हसत होती, एकदा डोळे पुसत होती. "अहो, कसं झालं हे? कधी झालं? डॉक्टरांकडे जायचंय का आता?" अण्णा सगळ्यांना उत्तरं देत होते. त्यांनी दादाच्या डोक्यावर उजवा हात ठेवला. दादाने तो हात धरला, डोळ्यांना लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तू आणलंस त्यांना. तूच आणलंस." त्याचा चेहरा मी इतका सुखी कधी पाहिला नव्हता.

छोटी माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. "आत्या," तिने हळूच विचारलं, "आजोबा माझ्याकडे असे का बघतायत?"

मी उत्तर द्यायच्या आत माझा मोबाइल वाजला. पडद्यावर अण्णांचा फोटो होता.

समोर अण्णा दादाशी बोलत होते. त्यांच्या गळ्यात दोरी नव्हती, पाकीट नव्हतं. दोन्ही हात मोकळे होते. बोलता बोलता ते थांबले आणि माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघत राहिले.

"कुणाचा आहे गं?" दादाने गाल पुसत विचारलं.

बोटीवर परतीच्या गाड्या चढून झाल्या होत्या. कुणीतरी पिवळी साखळी पुन्हा लावायला आत नेत होतं.

"कुणाचा नाही," मी म्हटलं. "क्लासचं कुणीतरी आहे." आणि फोन कापला.

तो लगेच पुन्हा वाजला. मी कापला. बोटीची फळी उचलून होईपर्यंत तो वाजत राहिला आणि मी कापत राहिले.